जुनं मेंडोलिन घेताना आधी पाठ बघा

जुनं मेंडोलिन समोर आलं की नवशिक्याची नजर थेट लेबलावर जाते. नाव वाचायचं, साल विचारायचं, शंभर वर्षांचं आहे असं कळलं की किमतीबद्दल फार घासाघीस न करता पैसे मोजायचे. माझ्या मते ही उलटी वाट आहे. मेंडोलिनमध्ये आधी बघायचा तो ताण. मध्यम जाडीच्या आठ पोलादी तारा सुरात लावल्या की त्या सगळ्या मिळून साधारण ७५ ते ८० किलोने ओढतात, आणि हा ओढा सोसायचा असतो जेमतेम दोन फुटी वाद्याच्या, पातळ लाकडाच्या पोकळ पेटीला. गेल्या दोनेकशे वर्षांत या वाद्याची घडण जी बदलत गेली, तिचा बराचसा भाग म्हणजे या ओढ्यावर शोधलेली वेगवेगळी उत्तरं. कुठलं उत्तर हातात आहे ते ओळखता आलं की जुनं घ्यावं की नवं, हा प्रश्न निम्मा सुटतो.

पायरी १ : वाद्य उलटं करा

लेबल नंतर. आधी पाठीवरून हात फिरवा. पाठीचे प्रकार तीन.

पाठ भोपळ्यासारखी गोल आणि लाकडाच्या उभ्या पट्ट्या जोडून केलेली असेल, तर ते नेपल्सच्या घराण्यातलं वाद्य. अठराव्या शतकात इटलीतल्या नेपल्समध्ये विनाच्चिया कुटुंबाने हा घाट नावारूपाला आणला. त्या काळी तारा आतड्याच्या आणि पितळेच्या असत, खुंट्या लाकडी. पास्क्वाले विनाच्चियाने १८३५ च्या सुमारास पोलादी तारा, दातेरी चाकांच्या खुंट्या आणि लांब फिंगरबोर्ड आणला असं मानतात, आणि आज ‘इटालियन मेंडोलिन’ म्हणून डोळ्यांसमोर येतं ते इथून पुढचं. तारांचा ओढा सोसावा म्हणून घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जरा मागे तबलीला, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीला, आडवा बाक दिलेला असतो. वाद्य कुशीवर धरून तबलीच्या कडेने बघितलं की ती वळलेली रेघ दिसते. तो बाक म्हणजे दोष समजू नका, तीच त्या तबलीची ताकद. याच परंपरेत पुढे राफाएले कालाचे झाला. त्याच्या कार्यशाळेतली वाद्यं आजही मैफिलीत वाजतात.

पाठ सपाट असेल तर ते तिसऱ्याच वाटेचं वाद्य. अमेरिकेत मार्टिन कंपनीने १९१४ पासून असली मेंडोलिनं काढली, गिब्सननेही पहिल्या महायुद्धाच्या आसपास साधं, स्वस्त ‘आर्मी-नेव्ही’ मॉडेल विकलं. आपल्याकडे दुकानात टांगलेली बरीचशी स्वस्त मेंडोलिनं याच सपाट जातीची. आवाज गोड, वजन हलकं. याहून जास्त सांगण्यासारखं फार नाही.

पाठ व्हायोलिनसारखी हलकी फुगीर, कोरून काढलेली असेल, तर तुम्ही मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावापाशी येऊन पोचलात. खरी गोष्ट इथे सुरू होते.

पायरी २ : भोकाचा आकार आणि मानेचा सांधा

१८८० मध्ये स्पेनच्या विद्यार्थ्यांचा एक वाद्यमेळा अमेरिकेत आला आणि लोक त्या नादाने वेडावले. मेळ्यातली वाद्यं मेंडोलिनच्या नात्यातली, पण वेगळी होती. तिथल्या इटालियन वादकांनी मात्र संधी ओळखली आणि तशाच वेशात मेंडोलिनं घेऊन ते मैदानात उतरले. पुढची तीसेक वर्षं गावोगाव मेंडोलिनचे ताफे निघाले. या लाटेत ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या माणसाने ठरवलं की मेंडोलिन व्हायोलिनसारखं कोरून करायचं. १८९८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. लाकूड वाकवलं, त्यात आधाराच्या पट्ट्या ठोकल्या की त्याचा आवाज कोंडतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून बाजूच्या भिंतीसुद्धा त्याने सलग लाकडातून कापून काढल्या. १९०२ मध्ये कॅलमझूतल्या पाच व्यावसायिकांनी त्याच्या नावाने कंपनी काढली आणि थोड्याच वर्षांत त्याचे हे टोकाचे हट्ट बाजूला सारले. भिंती वाकवून केल्या, तबलीखाली आडवी पट्टी दिली. फुगीर कोरलेली तबली मात्र राहिली, आणि तीच टिकली.

त्या काळच्या गिब्सनमध्ये दोन आकार दिसतील. साध्या थेंबासारखा तो ‘ए’. खांद्यावर लाकडी वेटोळं आणि अंगाला टोकं असलेला तो ‘एफ’. दोन्हींना मधोमध अंडाकृती भोक, आणि मान पेटीला बाराव्या पडद्याच्या (फ्रेटच्या) आसपास मिळते. घोडी त्यामुळे पेटीच्या शेपटीकडे सरकलेली असते. आवाज भरदार, जरा काळोखी, आणि सूर रेंगाळतो.

मग आला लॉइड लोर. हा माणूस स्वतः मेंडोलिनवादक आणि ध्वनिशास्त्राचा जाणकार. १९१९ मध्ये तो गिब्सनमध्ये आला आणि १९२२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली ‘एफ-५’ बाहेर पडलं. बदल काय केले? अंडाकृती भोक काढून व्हायोलिनसारखी ‘एफ’ अक्षराच्या आकाराची दोन भोकं दिली. आडव्या पट्टीऐवजी तबलीखाली दोन उभ्या पट्ट्या बसवल्या. मान लांब करून सांधा पंधराव्या पडद्यापाशी नेला, म्हणजे घोडी आपोआप पेटीच्या मध्यावर, तबलीच्या सर्वांत मोकळ्या जागी आली. फिंगरबोर्ड तबलीला न टेकता तिच्यावर उचलून धरला. यातला प्रत्येक बदल आवाज पुढे फेकण्यासाठी होता, आणि तो तसा फेकलाही गेला. काही वाद्यांत तबलीखाली ‘विर्झी’ नावाची लाकडी चकती टांगलेली असायची. तिच्याबद्दल वाद अजून चालू आहेत आणि अनेकांनी ती नंतर काढूनही टाकली.

गंमत अशी की हे वाद्य आलं तेव्हा मेंडोलिनची लाट ओसरली होती. जॅझ आणि बँजोचे दिवस होते. १९२४ च्या अखेरीस लोर कंपनी सोडून गेला. १९४० च्या दशकात अमेरिकी मेंडोलिनवादक बिल मन्रोने मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात ठेवलेलं, ९ जुलै १९२३ ची लोरची सही असलेलं एफ-५ विकत घेतलं. त्यावर त्याने जे संगीत उभं केलं त्याला पुढे ब्लूग्रास (अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार) म्हणू लागले. मग सगळ्यांनाच तसं वाद्य हवंसं झालं. आज लोरच्या सहीचं एफ-५ लाखभर डॉलरच्या वर जातं.

नवशिक्याने यातून एवढं उचलावं : आज ज्याला ‘आधुनिक मेंडोलिन’ म्हणून विकतात, त्याचा आराखडा बहुतांशी १९२२ चाच आहे. एफ-भोकं, पंधराव्या पडद्याचा सांधा, दोन उभ्या पट्ट्या. म्हणजे ‘जुनं की नवं’ हा प्रश्न बऱ्याचदा ‘अंडाकृती भोक की एफ-भोकं’ एवढाच असतो, आणि त्याचं उत्तर वयात नाही, तुम्ही काय वाजवणार त्यात आहे.

पायरी ३ : मान सरळ आहे का

इथे मात्र वयाचा थेट संबंध येतो. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यूने मानेच्या आत बसणारी, पेच फिरवून कमीजास्त करता येणारी पोलादी सळई शोधली. तिला ट्रस रॉड म्हणतात आणि तिचं पेटंट १९२३ चं. त्याआधीच्या माना लाकडाच्या जिवावरच तग धरून असतात, म्हणून त्या जाड आणि मागून टोकदार असतात. आजच्या बारीक मानेची सवय असलेल्याला ती मूठ सुरुवातीला अवघड वाटते. गिब्सनच्या डोक्यावर, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) वर, घंटेच्या आकाराचं छोटं झाकण दोन स्क्रूंनी बसवलेलं दिसलं तर आत सळई आहे. नसेल तर मान वाकल्यावर ती पेचाने सरळ होणार नाही. फिंगरबोर्ड रंधून नवे पडदे ठोकावे लागतील, आणि तो खर्च कधीकधी साध्या वाद्याच्या किमतीइतका होतो.

तपासणी अशी करा. वाद्य सुरात लावायला सांगा. सैल तारांचं मेंडोलिन कधीही तपासू नका. सैल असताना सगळ्याच माना सरळ असतात! आता एक तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. ताणलेली तार हीच तुमची फूटपट्टी. मध्ये सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत कागद जाईल इतकी फट असावी. पोस्टकार्ड आरामात सरकत असेल तर मान पुढे वाकली आहे. फटच नसेल तर ती मागे गेली आहे. मग बाराव्या पडद्यावर तारेची उंची बघा. दीड ते दोन मिलिमीटर छान. तीनच्या वर असेल आणि घोडी आधीच खाली उतरवलेली असेल, तर मानेचा सांधा सुटत आला असण्याची शक्यता मोठी.

घोडीही बघून घ्या. १९२१ च्या आधीच्या गिब्सनची घोडी एकसंध असते, तिची उंची चाकाने बदलता येत नाही. ती तबलीला चिकटवलेलीही नसते, तारांच्या दाबाने जागेवर राहते. त्यामुळे कुणीतरी तारा बदलताना ती सरकवून ठेवलेली असणं अगदी नेहमीचं. वाद्य बेसूर वाटलं तर घाईने नाकारू नका. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, तेवढंच बाराव्यापासून पुढे मोजा आणि घोडी त्याच्या किंचित पलीकडे आहे का बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पडद्यांचं म्हणाल, तर जुन्या वाद्यांत ते बारीक आणि बुटके, फिंगरबोर्ड सपाट. नव्यांत पडदे रुंद, फिंगरबोर्डला हलकी गोलाई. नटची रुंदी वाद्यागणिक बदलते, साधारण २८ ते ३० मिलिमीटर. जाड बोटं असतील तर हे दोन मिलिमीटर फार मोठे वाटतात.

पायरी ४ : आत डोकावा

अंडाकृती भोकाशी फोन धरून आतला व्हिडिओ काढा. एफ-भोकातून तेवढं दिसत नाही, तिथे लहान आरसा आणि टॉर्च लागेल. काय शोधायचं? घोडीखाली तबली खचली आहे का ते आधी. जुन्या ए-मॉडेलांचं हे खास दुखणं : आडवी पट्टी निसटते आणि तबली हळूहळू बसते. बाहेरून सरळ पट्टी आडवी ठेवून बघितलं तर फुगवटा सपाट झालेला कळतो. किंचित खचलेलं वाद्य तसंच वर्षानुवर्षं वाजू शकतं. बोट भोकाच्या कडेने फिरवल्यावर पट्टी हलत असेल तर मात्र दुरुस्ती ठरलेलीच.

तबलीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करा. कुठे खरखर किंवा बद्द आवाज आला तर तिथला सांधा मोकळा आहे. गोल पाठीच्या वाद्यात पट्ट्यांच्या फटींतून उजेड दिसतो का पाहा. ही सगळी जुनी वाद्यं सरसाने जोडलेली. सरसाचा गुण असा की उष्णता आणि ओलाव्याने तो सोडवता येतो, म्हणून जाणता कारागीर जुना सांधा उघडून पुन्हा नीट बसवतो. पण कुणी आत पांढरा फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी ओतलेलं दिसलं, तर वाद्य कितीही नामांकित असो, परत ठेवून द्या. ती दुरुस्ती पुन्हा सोडवणं म्हणजे लाकूड फाडणं.

लेबल आता वाचा. गिब्सनच्या लेबलावर अनुक्रमांक असतो आणि आत मानेच्या ठोकळ्यावर कारखान्याचा वेगळा आकडा ठोकलेला असतो. दोन्हींवरून साल बऱ्यापैकी कळतं. लोरची सही असलेलं लेबल दिसलं तर हुरळून न जाता तज्ज्ञाकडे न्या. इतक्या महाग वाद्यांची बनावट लेबलं न निघाली तरच नवल.

नवं वाद्य बघताना वेगळी चाचणी आहे. भोकाच्या कडेला तबलीची जाडी बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सलग आत उतरत असतील तर तबली अखंड लाकडाची. थरावर थर दिसले तर ती प्लायवुड दाबून फुगवलेली. ऑनलाइन मिळणारी बरीच स्वस्त मेंडोलिनं अशी असतात. ती ताण उत्तम सोसतात, आवाज मात्र दहा वर्षांनीही पहिल्या दिवसासारखाच राहतो. कोरलेल्या अखंड तबलीची मधल्या किमतीतली वाद्यं आता चीनमधून येतात. तिथे यंत्राने ढोबळ कोरून शेवटचा हात माणसाचा असतो. मला विचाराल तर गेल्या काही दशकांत नवशिक्याचं सगळ्यात जास्त भलं या वाद्यांनी केलं आहे.

पायरी ५ : तारा

इथे चूक झाली तर वाद्य जातं, म्हणून थोडक्यात पण ठासून. तारांचे संच इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ब्लूग्रासवाले वापरतात तो मध्यम संच ११ पासून ४० पर्यंतचा. तो एफ-भोकांच्या कोरीव वाद्यासाठी आहे. जुन्या अंडाकृती ए-ला १० ते ३८ चा हलका संच लावा. गोल पाठीच्या इटालियन वाद्याला त्याहून हलका, ९ पासून सुरू होणारा. शंभर वर्षांच्या नेपल्सच्या वाद्यावर मध्यम तारा चढवल्या तर तबली खचेल किंवा मान उचलली जाईल. बरं, असं मेंडोलिन हलक्या तारांवरच खुलतं. तारेच्या टोकाला फासा असलेला संच मागा, गिटारसारख्या गोळीचा नको, कारण शेपटीच्या पत्र्याला तारा अडकवायचे आकडे असतात. लावणी व्हायोलिनचीच : जी, डी, ए, ई, प्रत्येकी दोन तारा.

पायरी ६ : शेजारी ठेवून वाजवा

दोन वाद्यं वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या दुकानांत वाजवून काही कळत नाही. शक्य असेल तर एकाच खोलीत, एकाच पिकने (तार छेडायच्या चकतीने), आणि दोन्हींवर ताज्या तारा लावून ऐका. आधी खुली ए तार एकदाच छेडा आणि सूर विझेपर्यंत थांबा. अंडाकृती भोकाचं वाद्य जास्त वेळ गुणगुणतं. मग तीन-चार तारांचा कॉर्ड धरा, छेडा आणि डाव्या हाताची पकड लगेच सैल करा. एफ-भोकाच्या वाद्यातून लाकडी ‘चक्’ असा तुटक ठोका येतो. ब्लूग्रासमध्ये तोच ढोलकीचं काम करतो. जुन्या अंडाकृतीवर हा ठोका गुळमुळीत लागतो. त्यानंतर मित्राला वाजवायला सांगून स्वतः दहा फुटांवर जाऊन उभे राहा. वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला मेंडोलिन फार वेगळं ऐकू येतं, आणि एफ-५ घाटाची खरी करामत समोरच्या कानाला कळते. एक सूचना : ‘जुन्या लाकडाचा आवाज’ असं विक्रेत्याने म्हटलं की त्याला त्याच तारा दोन्हींवर लावायला सांगा. जुन्या वाद्यावर नव्या तारा आणि नव्यावर महिन्याच्या गंजक्या, असा सामना मी अनेकदा पाहिला आहे.

आपल्याकडच्या संगीतासाठी हा कल उलटतो. चित्रपटगीतांतलं मेंडोलिन, जे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी वाजवत, ते रेंगाळणाऱ्या, थरथरत्या सुराचं आहे. तिथे अंडाकृती भोक किंवा गोल पाठ शोभते, ‘चक्’चा काही उपयोग नाही. राग वाजवायचे असतील तर जोडतारांवर मींड घेणं हीच मोठी कसोटी. सज्जाद हुसेन यांनी ती साध्या मेंडोलिनवर साधली. यू. श्रीनिवास यांनी जोडतारा सोडून एकेरी पाच तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन कर्नाटक संगीतात नेलं. मींडेसाठी रुंद पडदे आणि हलक्या तारा बऱ्या, म्हणजे इथे नव्या फिंगरबोर्डचं पारडं जड.

पायरी ७ : मग घ्यायचं काय

पहिलं वाद्य म्हणून मी एफ-भोकांचं, ‘ए’ आकाराचं, अखंड तबलीचं नवं मेंडोलिन सुचवेन. खांद्यावरचं वेटोळं दिसतं देखणं, पण आवाजात त्याचा वाटा नगण्य, किमतीत मात्र भरपूर. तेच पैसे लाकडावर घाला. जुन्याचीच ओढ असेल, आणि तुम्ही अमेरिकेत असाल तर, १९१० ते १९२० च्या दशकांतलं साधं गिब्सन ए बघा. ती हजारोंनी बनली, म्हणून अजून सापडतात. पाठीला मेपलऐवजी बर्च असेल तर नाक मुरडू नका, त्या काळच्या ए-मॉडेलांत ते सर्रास असे. गोल पाठीचं इटालियन वाद्य पहिलं म्हणून नको. मांडीवर घसरतं, तपासायला अवघड, आणि नेपल्समधून निघालेल्या कित्येक वाद्यांचा दर्जा पर्यटकांना विकायच्या आठवणवस्तूइतकाच आहे. दुसरं म्हणून मात्र जरूर घ्या.

परदेशातून जुनं वाद्य भारतात आणणार असाल तर साहित्याची यादी विक्रेत्याकडून लेखी घ्या. कासवाच्या पाठीची नक्षी, हस्तिदंती घोडी किंवा ब्राझीलचं रोझवूड यांतलं काही असेल तर साइट्स (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराखालचे परवाने लागतात, नाहीतर वाद्य कस्टममध्ये अडकतं. जुन्या सेल्युलॉइडच्या (एक जुनं प्लास्टिक) पट्ट्यांना परवाना लागत नाही, पण त्या सडू लागल्या की त्यांच्या वाफेने जवळच्या तारा आणि पत्रा गंजतो, म्हणून भुगा होत असलेली पट्टी काढून वेगळी ठेवा. विमानात देताना तारा एक-दोन सूर उतरवा, पण पूर्ण सैल करू नका, नाहीतर घोडी पडून तबलीवर ओरखडे येतील. इथे आल्यावर खोलीतली आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. कोकणातल्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, विदर्भातल्या उन्हाळ्यात पेटीतच ठेवायची ओलावा देणारी छोटी नळी. आणि मे महिन्यात बंद गाडीत एक तासही नको, सरसाचा सांधा तेवढ्या उष्णतेत सुटू शकतो.